टाचणीची ठेंगणी गाडी

तिला सगळे टाचणी म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत. तिनं स्वतःच दुकानाच्या पाटीवर ते नाव रंगवून घेतलं होतं: टाचणी सीट कव्हर्स. उंची बेताची, म्हणजे फारच बेताची, आणि जीभ टोकदार. हे नाव ज्यानं कुणी शोधून काढलं त्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. मोटरसायकलच्या, टेम्पोच्या, ट्रॅक्टरच्या सीटा ती शिवायची, आणि फाटकी सीट समोर आली की तिच्यावरून माणसाची बैठक सांगायची. "तुम्ही एका अंगावर बसता. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवत जा." गिऱ्हाईक गोरंमोरं व्हायचं आणि खिशाला हात लावायचं. टाचणीचा अख्खा दिवस त्यावर छान जायचा.

दुकानाला लागून नवऱ्याची वेल्डिंगची शेड होती. तो लोखंडी गेटं आणि खिडक्यांचे ग्रिल बनवायचा. दोघांच्या मधे पत्र्याची भिंत होती आणि त्या भिंतीला एक चौकोनी भोक. त्या भोकातून चहाचे कप, पक्कड आणि टोमणे इकडून तिकडे जात. मागे घर, आणि घराच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई. त्यांना दोन्हीकडचं ऐकू यायचं. जे ऐकू यायचं नाही ते त्या विचारून घ्यायच्या.

आता टाचणीचं दुखणं सांगायला हवं. नवऱ्याकडे लग्नाआधीपासूनची एक मोटरसायकल होती. एकाच सिलिंडरची, जडशीळ, सुरू झाली की खिडक्यांच्या काचा बोलायला लागायच्या. लग्नानंतर नवऱ्यानं हौसेनं ती टाचणीला शिकवली. क्लच, गिअर, वळणं, सगळं तिनं चुटकीसरशी उचललं. गाडी पळती असली की तिच्यासारखी चालवणारी शोधून सापडली नसती. घोडं अडायचं ते थांबताना. सीट उंच, पाय आखूड. चवडे ताणताणून सोडले तरी जमीन दोन बोटं लांबच राहायची. मग थांबायचं तर कट्टा बघायचा, फूटपाथ बघायचा, नाहीतर नवऱ्यानं धावत येऊन गाडी धरायची. इतरांना शहरातले रस्ते पाठ असतात, हिला उंचवटे पाठ होते.

एकदा भर रस्त्यात कुत्रं आडवं आलं. ब्रेक लागला, गाडी थांबली आणि पाय टाकला तो हवेत. डाव्या अंगावर ती आणि तिच्या अंगावर गाडी. घोटा प्लास्टरमध्ये गेला, पण ते दुखणं महिन्याभरात गेलं. न गेलेलं दुखणं वेगळंच होतं. तिला आणि गाडीला उचलायला जे लोक धावले, त्यांतला एक अगदी मायेनं म्हणाला, "ताई, झेपत नाही तर कशाला?" टाचणीला, जिला कधी उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं, तिला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. त्यानंतर ती त्या गाडीवर मागे बसू लागली, आणि मागेच राहिली.

लोक म्हणायचे, स्कूटर घे. अहो, स्कूटर होती की! दुकानाचा फोम आणायला, शिवलेल्या सीटा गॅरेजांना पोचवायला ती रोज स्कूटरच काढायची. पण स्कूटरवर तिचा जीव नव्हता. जीव होता तो त्या धडधडणाऱ्या धुडावर, आणि नवऱ्याच्या पाठीआडून रस्ता बघताना तिचा डावा पाय अजून मनातल्या मनात गिअर टाकायचा. याचं कारण विचारलं तर ती म्हणायची, "तुम्हाला गोड का आवडतं?" पुढं कुणी विचारायचं नाही.

मग एक दिवस लांबून आलेला एक दाढीवाला तिच्या दारात उभा राहिला. त्याची सीट उसवली होती. त्याची गाडी बघून टाचणी कात्री हातात तशीच धरून बाहेर आली. जुन्याच एका मोटरसायकलवरचं नको ते सगळं छाटून ती बनवली होती. मागचं मडगार्ड अर्धं कापलेलं, लांब सीट जाऊन एकट्यापुरती सीट, आणि मागचे शॉकअब्सॉर्बर तर मुळातच नाहीत. मागचं चाक सरळ चेसिसच्या पाइपांनाच पक्कं केलेलं. अशा छाटलेल्या गाडीला बॉबर म्हणतात आणि मागून अशा ताठ चेसिसला हार्डटेल, ही माहिती दाढीवाल्यानं न विचारता दिली. टाचणीचं लक्ष माहितीकडे नव्हतं. गाडीचा मागचा भाग खाली बसला होता. सीट तिच्या कमरेच्याही खाली होती.

दाढीवाला चहाला गेला. टाचणीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि टांग टाकली.

"अहो! लवकर या!"

नवरा हातातलं टाकून धावत आला. त्याला वाटलं, शिलाई मशीनखाली बोट गेलं.

"काय झालं?"

"खाली बघा."

त्यानं खाली बघितलं. फरशी होती.

"फरशी काय बघताय? पाय बघा, पाय!"

टाचणीचे दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले होते. नुसते टेकले नव्हते, गुडघे चक्क वाकलेले होते. तिनं गाडी स्टँडवरून सरळ केली, डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, पुन्हा सरळ केली. कुणी धरलं नव्हतं. तिचा चेहरा असा झाला होता की आता काय ऐकावं लागणार ते नवऱ्याला लगेच कळलं, आणि त्याचं धाबं दणाणलं.

"आपली गाडी अशी करायची," टाचणी म्हणाली.

"अशी म्हणजे कापायची?"

"कापायचीच."

"अगं, कापलेली गाडी पुन्हा होती तशी होत नाही."

"होती तशी कुणाला हवीय?"

नवरा चांगला आठवडाभर टाळाटाळ करत राहिला. शॉक नसले की खड्डे थेट कण्यात बसतील, हे त्याचं पहिलं कारण. त्यावर टाचणी म्हणाली की मग मी इतकी वर्षं सीटा कशाला शिवते, सीटखाली स्प्रिंगा घालीन. आपण गेटं बनवतो, गाड्या नाही, हे दुसरं कारण. त्यावर ती म्हणाली, पाइप तोच, वेल्डिंग तेच आणि माणूसही तोच. तिसरं कारण त्यानं जरा खालच्या आवाजात सांगितलं.

"त्या गाडीला एकच सीट असते."

"हो मग?"

"म्हणजे मी कुठे बसणार?"

हे ऐकून दारातल्या सासूबाईंना एवढं हसू आलं की खुर्ची कुरकुरली. "इतकी वर्षं ती बसली ना तुझ्या मागे? आता तू घरी बस. काप रे, काप! एकदाची हिची हौस फिटू दे, नाहीतर मला रोज हेच ऐकावं लागेल." आईचा शब्द मोडायची त्या घरात पद्धत नव्हती. म्हणजे नवऱ्याची नव्हती. टाचणीची होती, पण या वेळी तिला गरज पडली नाही.

आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. धाकटा दीर इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला नुसता निरोप गेला, तर तो दुपारचं जेवण अर्ध्यावर टाकून हजर झाला. "वहिनी, आधी का नाही सांगितलंत?" असं म्हणतच त्यानं नट सोडवायला सुरुवात केली. टाकी उतरली, सीट उतरली, चाकं निघाली, वायरी निघाल्या. शेडमध्ये चालायला जागा उरली नाही. ग्रिलची कामं घेऊन आलेले लोक दारातच उभे राहून विचारायचे, काय चाललंय? नवरा सांगायला तोंड उघडायचा, तोवर सासूबाई सांगून मोकळ्या व्हायच्या. हळूहळू लोक ग्रिलसाठी कमी आणि गाडी बघायला जास्त येऊ लागले.

चेसिस मोकळं झालं तेव्हा टाचणीनं आपला शिंप्याचा खडू आणला आणि जिथून कापायचं तिथं, इंजिनाच्या मागे, पाइपांवर पांढऱ्या रेघा मारल्या. नवरा ग्राइंडर घेऊन उभा राहिला. राहिला तो उभाच राहिला. याच चेसिसवर बसून तो टाचणीला बघायला गेला होता, हे त्याला आठवत असणार. टाचणीलाही आठवलं. ती जवळ गेली आणि म्हणाली, "मी कापू का?"

"तुझा हात पोचणार नाही," तो म्हणाला आणि ग्राइंडर चालू केला.

ठिणग्या उडाल्या आणि पाइप सुटे झाले. मागचा भाग खाली पडला तेव्हा तिघंही आनंदानं ओरडले, आणि ओरडून झाल्यावर एकमेकांकडे जरा घाबरून बघू लागले. आता परतीचा रस्ता उरला नव्हता. टाचणीला रात्री झोप लागली ती उद्याच्या घाईनंच लागली.

मागचा नवा सांगाडा नवऱ्यानं घेतला. गेटं जोडायच्या लोखंडी टेबलावर त्यानं चेसिसचा पुढचा भाग घट्ट आवळला. नवे पाइप गरम करून वाकवले. जोडाच्या आत बारीक पाइपाचे तुकडे घातले, म्हणजे जोड कधी दगा देणार नाही. आधी जागोजागी छोटे टाके मारले, आणि मग एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं असं करत पूर्ण वेल्डिंग, कारण एकाच बाजूला उष्णता दिली की लोखंड ओढून घेतं. शेवटी मागच्या चाकाचा आस जिथं बसणार त्या दोन जाड पट्ट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. काम बघावं असं झालं. जोडांवर लोखंडाच्या लाटा एकसारख्या बसल्या होत्या. नवरा त्यांवरून बोट फिरवत होता आणि कुणी बघतंय का ते बघत होता. टाचणी बघत होती. "टाके छान आलेत," ती म्हणाली. नवऱ्याला आकाश ठेंगणं झालं.

दिरानं इंजिन खोलून धुतलं, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या आणि चेसिसमध्ये बसवायच्या आधी टेबलावरच सुरू करून दाखवलं. शेड दणाणली. सासूबाईंनी दारातून कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "खोकला गेला हिचा." दीर इतका खूश झाला की त्यानं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

आणि सीट! सीट टाचणीची होती, त्यात कुणाची लुडबुड तिनं चालवून घेतली नाही. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकठोक ठोकला आणि खोलगट करून घेतला. त्यावर फोमचे थर. ते तिनं कापले, बसून बघितले, पुन्हा कापले. दुसऱ्यांच्या बैठकींवर ती आयुष्यभर बोलत आली होती, आता पहिल्यांदाच स्वतःच्या मापाची सीट कापत होती. कातडं कोमट पाण्यात भिजवून ताणलं, दाभणानं भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं दोन्ही हातांत दोन सुया घेऊन शिवलं. खाली दोन जाड स्प्रिंगा लावल्या. बोटांना फोड आले. त्याचं तिला काहीच वाटलं नाही. उलट ती फोड कौतुकानं दाखवत फिरली.

गाडी उभी राहिली त्या सकाळी टाचणीनं लवकर आंघोळ केली, केस घट्ट बांधले, हेल्मेट घातलं. छोटी टाकी काळी कुळकुळीत, मागचं चाक जाडजूड, मडगार्ड अर्धं, आणि सीट आडव्या चेसिसला जवळजवळ चिकटलेली. तिनं टांग टाकली. तळवे टेकले. नवऱ्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि उगाच डोळ्यात कचरा गेल्यासारखं केलं. गाडी सुरू झाली, क्लच सुटला, आणि टाचणी गल्लीतून निघाली. दीर शिट्ट्या मारत मागे धावला.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली. आनंदात होती, पण कपाळावर एक आठी होती.

"डावीकडे ओढतेय."

"टायर नवा आहे वहिनी, बसेल."

"हँडल घट्ट धरून ठेवावं लागतंय. जरा सैल सोडलं की डावीकडे."

नवऱ्यानं दोऱ्या बांधल्या. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सरळ दोऱ्या ओढून बघितल्या. चाकं एका रेषेत होती. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "गाडी सरळ आहे. तुलाच सवय नाही राहिली."

हे त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण टाचणीच्या काळजात ते खोल रुतलं. पुढचे काही दिवस ती रोज गल्लीत चालवत राहिली आणि रोज गाडी डावीकडे ओढत राहिली. थांबताना गाडी डाव्या अंगाला झुकायची आणि सगळा भार डाव्या घोट्यावर यायचा, त्याच घोट्यावर. पाय टेकत होते, तरी भीती जात नव्हती. मोठ्या रस्त्यावर जायचं धाडस होईना. तिला वाटायला लागलं की उंचीचा प्रश्नच नव्हता, आपल्याला खरंच झेपत नाही. आणि त्यासाठी आपण नवऱ्याची चांगली धडधाकट गाडी कापायला लावली. पत्र्याच्या भोकातून चहा यायचा, टोमणे येईनासे झाले. घरात एवढी शांतता सासूबाईंनाही सहन होईना.

एका दुपारी टाचणी तिच्या बुटक्या स्टुलावर बसून गाडीची सीट पुसत होती. पुसता पुसता हात थांबला. नव्या कातड्याला सुरकुती पडली होती, आणि ती उजवीकडे होती. सीट सरळ सांगत होती की हिच्यावर बसणारी बाई उजव्या अंगावर रेलून बसते. आता टाचणी स्वतःबद्दल काय वाटेल ते ऐकून घेईल, पण ती वाकडी बसते हे तिला कुणी सांगितलं तर ती कात्री घेऊन धावून जाईल. सरळ बसणारी बाई उजवीकडे रेलतेय, म्हणजे गाडी डावीकडे पडतेय. म्हणजे तिची चूक नाही.

तिनं स्टूल उचललं आणि थेट गाडीच्या मागे जाऊन बसली. उभ्या माणसाला वरून चाक दिसतं, तिला ते समोर दिसलं. चाक एका रेषेत होतं खरं, पण उभं नव्हतं. त्याचा माथा डावीकडे किंचित कलला होता. उजवी पट्टी डावीपेक्षा एवढीशी, काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढी वर बसली होती.

गाडीच्या पलीकडे, पत्र्याच्या भोकातून, शेडमध्ये भिंतीला टेकून ठेवलेलं उद्या बसवायचं एक गेट दिसत होतं. टाचणी त्या गेटाकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना.

कुणीही गेट करून घ्यायला आलं की एक तक्रार ठरलेली असायची: हे वाकडं दिसतंय. आणि नवऱ्याचं उत्तरही ठरलेलं: चार दिवस थांबा. कारण गेट बिजागरीवर लटकतं आणि मोकळी बाजू आपल्या वजनानं हळूहळू खाली येते. म्हणून कसलेला कारागीर मोकळ्या बाजूला आधीच जराशी उचल देतो. चार दिवसांनी गेट बसतं आणि सरळ होतं. नवऱ्याच्या हाताला ही खोड इतकी मुरली होती की त्याच्या डोळ्याला उचल दिलेलंच सरळ दिसायचं. टेबलाच्या डाव्या बाजूला उभं राहून त्यानं डावी पट्टी बसवली, ती त्याच्या लेखी बिजागरीची बाजू. उजवी ती मोकळी. आणि हातानं त्याला न विचारता मोकळ्या बाजूला उचल देऊन टाकली.

"अहो!" तिनं भोकातून हाक मारली. "तुम्ही माझ्या गाडीला उचल दिलीत!"

"काय?"

"उचल! तिला काय बिजागरी आहे? ती काय लटकणार आहे कुठे?"

नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या कामात कुणी खोट काढलेली त्याला खपायची नाही. तो तरातरा आला तो पाणसळ घेऊनच. काचेच्या नळीतला तो बुडबुडा एकदा मधे आला की बायकोचं तोंड बंद होणार, या तयारीनं. टाचणीनं गाडी सरळ उभी धरली. त्यानं पाणसळ मागच्या आसावर ठेवली. बुडबुडा उजवीकडे पळाला आणि तिथंच बसला. त्यानं पाणसळ उलटी करून ठेवली. तरी बुडबुडा उजवीकडेच. त्यानं पाणसळ बाजूला ठेवली.

"इतक्या वर्षांत एकही गेट झुकलं नाही माझं," तो म्हणाला.

"गेट नाही ना झुकलं. म्हणून तर."

"मी तुला म्हटलं तुलाच सवय नाही."

"म्हटलंत."

त्यानं वर बघितलं. "चूक झाली माझी. आणि माझ्या चुकीचा दोष मी तुझ्यावर ढकलला."

टाचणीनं खूप दिवस असल्या एखाद्या क्षणासाठी चार तिखट वाक्यं राखून ठेवली होती. तिनं फक्त ग्राइंडर आणून त्याच्या हातात दिला.

स्वतःचं सुरेख वेल्डिंग कापणं सोपं नसतं. नवऱ्यानं चेसिस पुन्हा टेबलावर आवळलं आणि जोड कापला. नवी पट्टी ठेवताना मात्र तो थांबला आणि म्हणाला, "माझ्या डोळ्यावर माझा भरवसा नाही. तू बघ. बुडबुडा मधे आला की सांग." टाचणी टेबलावर चढून बसली, पाणसळ धरली. "अजून खाली. अजून. अहो, पुन्हा वर नेलीत! हात आवरा!" दोघांना हसू यायला लागलं आणि त्या हसण्यात पट्टी हलली, मग पुन्हा पहिल्यापासून. दीर म्हणाला, मी धरू का? दोघांनी एकदमच त्याला हाकललं. शेवटी बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मधे येऊन थांबला आणि टाचणी किंचाळली, "आत्ता!" टाका पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्लीतून निघाली आणि टोकाला जाऊन वळली नाही. हँडल सैल सोडून बघितलं, गाडी नाकासमोर गेली. तिनं मोठ्या रस्त्याला लागून गिअर टाकला. इंजिनाची धडधड थेट पायांतून, कमरेतून, छातीत येत होती. खड्डा आला की स्प्रिंगा करकरायच्या आणि ती वर उडून खाली बसायची आणि हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं हसायची. समोर कुणाची पाठ नव्हती, नुसता रस्ता होता.

चौकात सिग्नल लाल झाला. तिथं ना फूटपाथ जवळ होता, ना कट्टा, ना धावत येणारं कुणी. एका बाजूला बस होती, दुसऱ्या बाजूला दुधाची गाडी. टाचणीनं ब्रेक दाबला, क्लच धरला आणि दोन्ही पाय खाली टाकले. डांबर तिथंच होतं. गरम, खडबडीत, दोन्ही तळव्यांखाली. गाडी कुठेही कलली नाही. तिनं एकदा खाली बघितलं आणि एकदा बसमधल्या लोकांकडे बघितलं. लोक आपापल्या फोनमध्ये होते. एका बाईनं थांबण्यात बघण्यासारखं काय आहे? टाचणीचा ऊर भरून आला होता. सिग्नल हिरवा झाला, बस गेली, दुधाची गाडी गेली, आणि ती तिथंच पाय रोवून उभी. मागून भोंगे वाजायला लागले, तेव्हा तिनं हात वर करून सगळ्यांची मजेत माफी मागितली आणि निघाली.

जाऊन यायला जेवढा वेळ लागायला हवा होता, त्याच्या कितीतरी पटीनं जास्त लागला. शेडच्या दारात नवरा येरझाऱ्या घालत होता, दीर दुचाकी काढून शोधायला निघायच्या बेतात होता, आणि सासूबाई खुर्ची पार रस्त्याच्या कडेला आणून बसल्या होत्या. गाडीचा आवाज आला तसा नवऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला.

"किती उशीर! कुठे बंद पडली?"

टाचणीनं गाडी त्याच्या पुढ्यात उभी केली, दोन्ही पाय टेकले आणि हेल्मेट काढलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "थांबत थांबत आले."